बटनाले हात लावायचा नाही

आमच्या दाराची बेल वाजवली की दार उघडत नाही. आतून प्रश्न येते, "कोण?" आणि नुसतं "मी" म्हणून भागत नाही. पहिले काय काम करता, मग नाव, मग काय आणलं, मग कितवी खेप, हे सगळं एका दमात आणि याच क्रमानं सांगावं लागते. आमचा दूधवाला आता पक्का तयार झाला आहे. तो जिन्यातूनच चालू होते: "दूधवाला, यादव, आधा लीटर, आज का पहिला चक्कर!" मग कडी निघते. एकदा नवीन कुरियरवाला आला. "मैडम, पार्सल है" एवढंच बोलला बिचारा, आणि उंबऱ्यावरच बसून राहिला. मी ऑफिसातून आली तर मले हळूच विचारते, "दीदी, यहाँ कौन रहता है? पुलिस?"

पोलीस नाही हो. इंदू आत्या राहते. माझ्या बाबांची मोठी बहीण. लग्न केलं नाही, कोणाचं ऐकलं नाही, आणि रायपूरच्या चौबे कॉलनीत दुसऱ्या मजल्यावर स्वतःच्या फ्लॅटमध्ये राणीसारखी राहते. मले इकडं नोकरी लागली तेव्हापासून मी तिच्याकडेच आहे. पहिल्या दिवशी मलेही दारात विचारलं होतं. मी म्हटलं, "आत्या, मी रशू!" तर म्हणते, "पूर्ण सांग." बॅगा हातात, घाम डोळ्यात, आणि मी सांगून राहिली: "भाची, रसिका, दोन बॅगा, पहिल्यांदाच आली!"

आता हे असं काहून, ते सांगते. आत्याचं काम आहे उजेड मोजायच्या मशिनी दुरून चालवायचं. काचेची केसासारखी तार असते ना, जिच्यातून तुमचं इंटरनेट येते, तिच्यात या टोकातून किती उजेड सोडला आणि त्या टोकाले किती पोचला, हे मोजायच्या मशिनी. मशिनी तेलीबांध्याच्या एका लॅबमध्ये, आत्या इथं डायनिंग टेबलवर लॅपटॉप घेऊन, मधात अख्खं शहर. ती इथून एक ओळ टाइप करते, तिकडं मशीन हलते, मोजते आणि आकडा पाठवते. दर मशीनले एक पत्ता असते. आणि काम सुरू करायच्या पहिले तिले विचारायचंच असते, तू कोण? मशीन इमानदारीत सांगते: कंपनी, मॉडेल, नंबर, व्हर्जन. "लोखंडाचा डब्बा इतक्या शिस्तीत सांगते," आत्या म्हणते, "मंग माणसाले काय होते?"

तिचा दुसरा कायदा, एका वेळी एक प्रश्न. मशीनले एक गोष्ट विचारली की उत्तर येईपर्यंत दुसरी विचारायची नाही. विचारली तर ती पहिलं उत्तर फेकून देते आणि चूक दाखवते. हाच कायदा घरात. मी घाईची पोरगी, बोलायले लागली की थांबत नाही. संध्याकाळी आली की सुरू: "आत्या जेवली का गोळी घेतली का बाबांचा फोन आला होता का?"

"नाही."

"काय नाही?"

"फोन नाही आला. बाकीचे दोन वाया गेले."

बाबा तर नागपूरहून रडकुंडीले येतात. फोन लावतात आणि एका श्वासात, "ताई कशी आहे, रशू त्रास नाही ना देऊन राहिली, पाऊस आहे का तिकडं?" आत्या म्हणते, "पाऊस नाही," आणि ठेवून देते. मग बाबा मले फोन करतात, "रशू, ही कशी आहे हे मले आजपर्यंत कळलं नाही!"

पण सगळ्यात मोठा कायदा तिसरा. बटनाले हात लावायचा नाही. मशीनच्या तोंडावर जी बटनं असतात ती आत्याच्या मते कंपनीनं शोभेसाठी दिली आहेत. हातानं बटन दाबलं की माणूस आज असं दाबते, उद्या तसं दाबते, आणि मग आकडा चुकला की म्हणते मशीन खराब आहे. लिहून पाठवलेली कमांड दर वेळी सारखीच. हा कायदा तिनं घरातही आणला. गीझर, दिवे, कूलर, सगळं मोबाइलवर. एकदा तिनं वर्षभराची बिजौरी घातली होती, म्हणजे तिळाची वाळवणाची वडी, पापडासारखी हलकी, गोल गोल, आणि हॉलमध्ये कूलरसमोर चादरीवर पसरली होती. स्वतः गेली सदर बाजारात कानातले बदलायले. तिथं सोनाराच्या दुकानात बसल्या बसल्या तिले वाटलं, आपण घरी पोचेपर्यंत हॉल थंडा झालेला बरा. दिली कमांड. इकडं मी आंघोळ करून बाहेर येते तर बिजौरी उडून राहिली! पंख्याले, पडद्याले, देवाले, माझ्या ओल्या केसाले. मी फोनवर ओरडली. आत्या शांत. "कमांड बरोबर होती. बिजौरी चुकीच्या पत्त्यावर होती."

चूक कबूल? माझी आत्या? विसरा.

लॅबचे साहेब बदलले तेव्हाची गंमत ऐका. नवीन साहेबांनी फर्मान काढलं, उद्यापासून सगळ्यांनी लॅबमध्ये यायचं, हजेरीच्या मशीनवर अंगठा लावायचा, मग काम. आत्यानं फोन केला. मी समोरच भाजी निवडून राहिली होती, कान तिकडंच. "सर, अंगठ्यानं उजेड मोजून दाखवा. मोजला तर उद्या येते." साहेब चिडले. म्हणाले, "मैडम, आप नहीं आएँगी तो हम खुद कर लेंगे." आणि गेले उजेड मोजायच्या मशीनजवळ. आत्यानं लॅपटॉपवर एक ओळ टाइप केली, एंटर दाबलं, आणि भेंडी चिरायले बसली. थोड्या वेळानं फोन.

"मैडम, बटन नहीं चल रहा है."

"हाँ."

"कोई भी नहीं चल रहा!"

"चलेगा भी नहीं. मैंने ताला लगाया है."

ते ताला लावायचं असतेच म्हणे त्या मशिनीत. दुरून कुलूप लावलं की समोरची सगळी बटनं मुकी. साहेब मशीनसमोर उभे, आणि त्यांच्या डोळ्यासमोर पडदा आपोआप हलून राहिला, आकडे चढून राहिले, आलेख निघून राहिला, आणि आत्या इथं भेंडीची देठं काढून राहिली. संध्याकाळपर्यंत सगळा माल मोजून झाला. त्यानंतर अंगठ्याचा विषय लॅबमध्ये कोणी काढला नाही.

हसायचं तर हसा. पण मी सांगते, मले अशी बाई दुसरी दिसली नाही. राज्य नवीन झालं, रायपूर राजधानी झालं, जिकडंतिकडं तारा टाकायले रस्ते खोदले, तेव्हा नागपूरची ही बाई एकटी इकडं आली. तेव्हा ती लॅब म्हणजे एक खोली, एक कूलर, दोन माणसं. एक आत्या आणि एक साहूजी. आत्या कमांड लिहायची, साहूजी तार लावायचे. अजूनही तसंच आहे. दुरून सगळं होते, पण तारेचं टोक मशीनमध्ये घालायले कोणाचे तरी हात लागतातच ना. दिवसभर फोनवर त्यांचं हेच.

"साहूजी, लगाया?"

"हव मैडम."

"निकाला?"

"हव."

हव म्हणजे हो. मले वाटायचं, जगातलं सगळ्यात बोअर संभाषण आहे हे.

मग आत्या पडली. कशी पडली, ऐका. वर कपाटावरचा राऊटर बंद पडला होता. दुरून सगळं चालू करणारं यंत्रच बंद, आता त्याले दुरून कसं चालू करणार? स्टूलवर चढली, बटन दाबलं, आणि उतरताना स्टूल सरकलं. उजव्या पायाले गुडघ्यापर्यंत प्लास्टर. दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, कैसे गिरीं? "बटन दाबाले गेली म्हणून," असं उत्तर दिलं तिनं मले बघून, जसं काही तिचा कायदा सिद्ध झाला.

दुसऱ्याच दिवशी बाबा गाडी घेऊन हजर. बाबा रेल्वेतून रिटायर, नागपुरात आरामात, आणि आता त्यांच्याकडे मुद्दा होता. इतकी वर्षं वाट पाहून राहिले होते बहुतेक.

"ताई, तूच म्हनते ना, तार असली की माणूस कुठंही बसो, काम होते?"

"म्हनते."

"मंग नागपुरात बस. वरची खोली रिकामी आहे. आम्ही आहोत. जिने चढा, उतरा, एकटीनं पडा, हे काहून?"

मी आत्याकडं पाहिलं. आता ती उत्तर फेकेल, बाबा गप होतील, मी चहा करीन. पण आत्या लॅपटॉपकडं पाहून राहिली. मग म्हणाली, "नागपुरात नेट स्लो आहे."

"माझ्याकडं तुझ्यापेक्षा फास्ट आहे. मोजून पाह."

तिनं खरंच मोजलं. इथं बसून, बाबांच्या घरचं. झाकण बंद केलं.

"नागपुरात मच्छर आहेत."

"आणि इथं?" बाबा स्वतःच्या मानेवरचा मारून म्हणाले.

"संत्र्यानं मले सर्दी होते."

"ताई! तू नागपुरात जन्मली!"

मी तोंड दाबून हसून राहिली. पण हसता हसता माझ्या लक्षात आलं, ही बहाणे सांगून राहिली. आत्या! बाबांनी विचारलं, "मंग नाही काहून येत, ते सांग." तिनं लॅपटॉपचं झाकण परत उघडलं. बाबा उठले. "येत्या रविवारी टेम्पो घेऊन येतो. सामान बांधून ठेव."

बाबा गेल्यावर मीही म्हटलं, "आत्या, बाबांचं बरोबर आहे ना पण? तुझाच नियम आहे."

"तू गप बस. तुझं व्हर्जन जुनं आहे."

गुरुवारी सकाळी आत्या इस्त्रीची साडी नेसून, पावडर लावून, प्लास्टरचा पाय खुर्चीवर ठेवून तयार. "ऑटो बोलव. तेलीबांध्याले जायचं."

गुरुवारी ती लॅबमध्ये जाते, हे मले माहीत होतं. एकच काम आहे म्हणे जे कमांडनं होत नाही. तारेच्या टोकाले कनेक्टर असते, त्याचं तोंड सुईच्या टोकाएवढं. त्यावर धुळीचा एक कण बसला की उजेड अडते आणि आकडा खोटा येते. आणि आमच्या रायपूरची धूळ तर तुम्हाले माहीत आहे, लोखंडाच्या भट्ट्यांची, काळी. सकाळी पुसलेल्या गच्चीवर संध्याकाळी चाललं की तळवे काळे. म्हणून आठवड्यातून एकदा टोकं पुसायची आणि छोट्या दुर्बिणीतून डोळ्यानं पाहायची. ठीक आहे. पण पाय मोडलेला असताना?

"आत्या, लॅब तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट नाही."

"मले माहीत आहे लॅब कुठं आहे. ऑटो बोलव, पोट्टे."

तर ऑटो तेलीबांध्याच्या तळ्याच्या बाजूले, लॅबच्या दारात लागला. आत्यानं फोन केला, "साहूजी, मैं नीचे हूँ." "हव." आणि ते खाली आले. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. बारीक, उंच, पांढरा हाफ शर्ट, केस सगळे पिकलेले. एका हातात स्टीलचा डब्बा, दुसऱ्या हातात थर्मास. त्यांनी प्लास्टर पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"पिराथे का?" दुखते का, असं विचारलं त्यांनी.

"नाही," आत्या म्हणाली. रात्रभर कण्हून राहिली होती बाई.

ऑटोवाला चहा प्यायले गेला. साहूजी आत्याच्या बाजूले सीटवर बसले, डब्बा मधात. डब्ब्यात कनेक्टर, पुसायची पट्टी, आणि ती दुर्बीण, बोटाएवढी. आत्यानं एक टोक दुर्बिणीले लावलं, डोळा मिटला. "धूळ आहे." साहूजींनी पुसलं. तिनं पाहिलं. "अजून आहे." त्यांनी पुन्हा पुसलं. मग साहूजींनी पाहिलं, मग तिनं. दोघांचं डोकं एकमेकाजवळ, एक शब्द जास्तीचा नाही. एक झालं की दुसरं. मधात थर्मासमधला चहा, झाकणात तिले, कपात त्यांना. मी बाहेर उभी राहून कंटाळली. आणि माझा हात गप बसत नाही, तुम्हाले आता समजलंच असेल. आत्या चहा पिऊन राहिली होती तेव्हा मी डब्ब्यातलं एक न पुसलेलं टोक उचललं आणि दुर्बिणीतून पाहिलं.

गोल. पांढरं. पुनवेच्या चांदासारखं, एक डाग नाही. मी दुसरं उचललं. तेही तसंच. तिसरं, तसंच.

साहूजींनी मले पाहिलं. हळूच म्हणाले, "ऊपर ले पोंछ के लाथँव, बेटी." वरूनच पुसून आणतो. मग अजून हळू, "मैडम ला झन बताबे." मॅडमले सांगू नको.

आत्या झाकणातल्या चहाकडं पाहूनच म्हणाली, "सांगायले काय लागते? मले दिसत नाही का?"

आणि माझ्या हातातलं ते स्वच्छ टोक घेऊन साहूजींना दिलं. "हे पुसा अजून."

साहूजींनी पुसलं.

तेव्हा मले समजलं, नागपूर काहून नाही. मी जाऊन तळ्याच्या कठड्यावर बसली. कामाचं काम कधीचं संपलं होतं. ऑटोवाला तीनदा येऊन पाहून गेला. निघताना साहूजी म्हणाले, ऑटोत पाय मुडपते, येत्या गुरुवारी मी वरून खुर्ची घेऊन येईन. आत्या फक्त म्हणाली, "हव."

रस्त्यात मी विचारलं, "आत्या, त्यांना रविवारचं सांगितलं काहून नाही?"

"रविवार अजून आला नाही."

आला. बाबाही आले, टेम्पोही आला, दोन हमालही आले. बेल वाजली. मी दार उघडायले गेली तर आत्या दारातच खुर्ची टाकून बसली होती, आणि प्लास्टरचा पाय समोर स्टुलावर, असा आडवा, या चौकटीपासून त्या चौकटीपर्यंत. टोलनाका.

"ताई, पाय घे."

"डॉक्टरनं हलवायचा नाही सांगितला."

"मी आत कसा येऊ?"

"ओलांडून ये."

आता मोठ्या बहिणीचा पाय कोण ओलांडते? बाबांनी आयुष्यात कोणाच्या झोपलेल्या पोराले ओलांडलं नाही. ते जिन्यात उभे. मागं हमाल. खाली टेम्पो हॉर्न देऊन राहिला. वरच्या मजल्यावरच्या काकू कठड्यावरून पाहून राहिल्या.

"ताई, तमाशा नको करू. एकच विचारतो. नागपूरहून काम होते की नाही?"

"होते."

"सगळं?"

"गुरुवारचं सोडून."

"गुरुवारी काय असते?"

"कनेक्टर पुसतो आम्ही."

"आम्ही म्हणजे?"

"मी आणि साहूजी."

"अवं, मंग पुसायचंच आहे ना? ते साहूजी एकटे नाही पुसू शकत?"

"पुसतात ना. एकटेच पुसतात," आत्या म्हणाली. तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता, भांडायचाच होता, पण आतून हललेला. "आणि मग मी पाहते. मी पाहिलं नाही, तर त्यायनं कोनासाठी पुसायचं, बंडू?"

बाबा तिच्याकडं पाहत राहिले. मग माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. हो, बाबा. तसंच.

आत्याचा पाय आडवाच होता. हनुवटी वर. डोळे भरलेले, पण खाली नाही झुकवले. ही बाई त्या वेळेलेही हटत नव्हती, आणि मले वाटलं, नकोच हटू, माय, बस अशीच.

मग बाबा मागं वळून हमालांना म्हणाले, "टेम्पो घेऊन जा. भाडं देतो." आणि स्वतः जिन्याच्या पायरीवर बसले. "ताई, चहा तरी देशील? का तोही पाय ओलांडून?"

बाबा परत गेले नाहीत. म्हणाले, पाठ दुखून राहिली, इतकी गाडी लगेच नाही चालवत. सोमवार झाला, मंगळवार झाला, पाठ काही बरी होईना. गुरुवारी सकाळी मात्र एकदम बरी झाली. गाडी काढली, आत्याले धरून खाली आणलं, मागच्या सीटवर पाय लांब करून बसवलं.

तेलीबांध्याले साहूजी फुटपाथवर उभेच होते, लाकडी खुर्ची घेऊन. उशी पण आणली होती. बाबांनी हात जोडले. साहूजींनी डब्बा काखेत धरून जोडले. बाबांनी काहीतरी विचारायले तोंड उघडलं, माझ्या बाबांचे प्रश्न म्हणजे नोकरी, मुलंबाळं, घर कुठं, एका श्वासात. पण ते थांबले. साहूजींनी उशी झटकून खुर्चीवर ठेवली ते पाहिलं, आत्यानं त्यांच्या हाताचा आधार घेतला ते पाहिलं, आणि माझं मनगट धरून मले तळ्याकडं घेऊन गेले.

कठड्यावर आम्ही पाण्याकडं तोंड करून बसलो. बाबांनी शेंगदाणे घेतले. मी मान वळवायले लागली.

"मांगं पाहू नको."

"बाबा, मी फक्त..."

"समोर पाह. तळं किती मस्त आहे."

आम्ही तळं पाहिलं. दाणे संपले. बाबांनी कागद चुरगळून खिशात घातला.

"किती वेळ लागते याले?"

"पाच मिनिटाचं काम आहे, बाबा."

बाबांनी हात वर करून शेंगदाणेवाल्याले परत बोलावलं.